शेवटच्या टनाचा हिशेब

(सहकारी साखर कारखान्यांच्या संचालकांसमोर केलेले भाषण)



सहकारी साखर कारखानदारी आणि अर्थशास्त्र यांचे नाते जुने आहे. १९५० साली प्रवरानगरच्या कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा धनंजयराव गाडगीळ यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ त्याच्या अध्यक्षपदी होते. त्याच शास्त्रातील एक साधा नियम आज आपणापुढे मांडावयाचा आहे. उत्पादन एका नगाने वाढविल्यास जे उत्पन्न वाढते ती सीमांत प्राप्ती आणि जो खर्च वाढतो तो सीमांत खर्च. प्राप्ती खर्चाहून अधिक असेल तोवर उत्पादन वाढवावे. दोन्ही समान होताच थांबावे.

हा नियम गाळपास लावून पाहू. समजा, साखरेचा भाव किलोला ३५ रुपये आहे. जानेवारीत ११ टक्के उतारा असता टनाला ११० किलो, म्हणजे ३,८५० रुपयांची साखर मिळते. मे महिन्याच्या उन्हात ऊस वाळतो, उतारा ९ टक्क्यांवर येतो आणि प्राप्ती ३,१५० रुपयांवर घसरते. खर्च मात्र घटत नाही. उसाचे २,५०० रुपये, तोडणी-वाहतुकीचे ८०० व प्रक्रियेचे ३०० धरले, तर तो ३,६०० रुपये होतो. कर्जावरील व्याज व कायम सेवकांचे पगार यांत धरलेले नाहीत. गाळप चालो वा थांबो, ते द्यावेच लागतात. हंगामाची सरासरी नफा दाखवीत असतानाही शेवटचा टन असा ४५० रुपयांची तूट आणतो.

मग गाळप थांबवावे काय? उसाचे २,५०० रुपये हा कारखान्याचा खर्च असला, तरी ते सभासदाचे उत्पन्न आहे आणि सभासद हाच कारखान्याचा मालक आहे. ऊस शेतात उभा राहिला तर ती रक्कम बुडते. दोघांचा हिशेब एकत्र मांडला, तर पिकलेला ऊस गाळण्याचा वाढीव खर्च १,१०० रुपयेच भरतो. म्हणून तो गाळलाच पाहिजे. तूट कोणी सोसावी, एवढाच प्रश्न उरतो. २०२१-२२ चा हंगाम जूनपर्यंत लांबला, तेव्हा १ मे २०२२ नंतर गाळलेल्या उसासाठी राज्य शासनाने उताऱ्यातील घटीपोटी टनाला २०० रुपये अनुदान मंजूर केले होते.

परंतु दरवर्षी अनुदानाची वाट पाहणे हे नियोजन नव्हे. लागवडीपूर्वी ऊस पिकविण्याचा खर्च झालेला नसतो. थांबण्याचा निर्णय घ्यावयाचा तो तेव्हाच. दैनिक गाळपक्षमतेला हंगामाच्या दिवसांनी गुणावे, लागवडीच्या नोंदी त्या मर्यादेत ठेवाव्यात आणि आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा यांच्या तोडणीचा क्रम आधीच ठरवावा. शेवटच्या टनाचा हिशेब लागवडीपूर्वी झाला, तर मे महिन्यात तो सभासदाच्या माथी येणार नाही.