संभाजीनगर पाहायला जावं तरी कधी?



गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, वही मिटली, की हमखास एक विषय निघतो: ‘यंदा सगळ्या मिळून कुठंतरी जाऊ या.’ सगळ्यांचे चेहरे खुलतात. मग कुणीतरी विचारतं, ‘पण कधी?’ आणि तिथंच गाडी अडते. आता पेरणी आहे, मग खुरपणी, मग दिवाळी, मग वेचणी, मग लेकरांच्या परीक्षा. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता वर्ष सरतं. आज मी त्या ‘कधी’बद्दलच बोलणार आहे.

कन्नड, सिल्लोड, पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडच्या बायांना छत्रपती संभाजीनगर काही नवीन नाही. दवाखान्यात कुणाला दाखवायला आपण जातो, कोर्टाच्या तारखेला जातो, लग्नाचा बस्ता बांधायला जातो. काम झालं की मिळेल त्या एसटीनं घरी. पण जे पाहायला साता समुद्रापलीकडून माणसं येतात, ते आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलंय? शहरापासून वेरूळ ३० किलोमीटर, दौलताबाद १५, पैठण ५० आणि अजिंठा १०० किलोमीटर. जन्म इथं गेला आणि कैलास लेणं पाहिलं नाही, अशा बाया गावोगाव आहेत.

अजिंठ्याला जपानी पाहुणे येतात. बुद्धांच्या देशातली लेणी म्हणून त्यांना अजिंठ्याचं मोठं अप्रूप. लेण्यांच्या जतनासाठी आणि तिथल्या सोयींसाठी जपान सरकारनं कर्जाच्या रूपानं मदतही केलेली आहे. आता उलटा विचार करा. आपल्यापैकी कुणाचा मुलगा नाहीतर पुतण्या नोकरीला टोकियोत आहे आणि तो म्हणाला, ‘ये बघायला.’ तर कधी जायचं? तिथं मार्चच्या शेवटी नि एप्रिलच्या सुरुवातीला चेरीची झाडं फुलांनी लगडतात. जूनमध्ये पाऊस लागतो. जुलै-ऑगस्टात अंगाला चिकटणारा दमट उकाडा. सप्टेंबरात वादळांची भीती. नोव्हेंबरात झाडांची पानं लाल-पिवळी होतात, ते पाहायला पुन्हा झुंबड. एप्रिलच्या अखेरीला आणि मेच्या सुरुवातीला हवा कशी सुरेख असते! पण तेव्हाच तिथं सरकारी सुट्ट्या लागोपाठ येतात. त्याला ते ‘गोल्डन वीक’ म्हणतात. सगळा देश एकदम घराबाहेर पडतो. रेल्वे तुडुंब, राहण्याच्या जागांचे दर चढे. म्हणजे हवा चांगली, तरी जाण्याची वेळ चांगली असेलच असं नाही. हे टोकियोला लागू आहे, तसं आपल्या संभाजीनगरलाही.

कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘हिवाळ्यात जा.’ हे उत्तर ज्यांना पगारी रजा मिळते त्यांचं. आपल्याला तीन पंचांगं उघडावी लागतात: एक आभाळाचं, एक शेताचं आणि एक गर्दीचं.

आधी आभाळाचं पाहू. होळी झाली की ऊन तापायला लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. दौलताबादचा किल्ला चढायचा म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. त्यात काळा दगड तापलेला. वेरूळची ३४ लेणी एका रांगेत पसरलेली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालायला बरंच अंतर. उन्हाळ्यात शहरातही नळाला पाणी काही दिवसांच्या खंडानं येतं, तर बाहेरून आलेल्या चाळीस बायांच्या पाण्याची सोय आयत्या वेळी कोण करणार? आपण मोकळ्या असतो त्या नेमक्या उन्हाळ्यात, म्हणून सहलीही तेव्हाच निघतात. मग साठीतल्या सासूबाई झाडाखाली बसून राहतात आणि पाहणाऱ्या पाहून येतात. याला सहल कसं म्हणायचं?

जूनपासून पाऊस. पावसाळ्यात लेण्यांचं रूप निराळंच असतं. वेरूळला डोंगरावरून पाणी कोसळतं, अजिंठ्याच्या वाघोरा नदीचे धबधबे सुरू होतात, सगळा डोंगर हिरवागार. पूर्वी बौद्ध भिक्खू वर्षभर गावोगाव फिरायचे आणि पावसाचे महिने एका जागी राहायचे. त्याला वर्षावास म्हणतात. डोंगरातल्या अशा विहारांचा त्यांना तेव्हा आसरा असायचा. म्हणजे पावसात लेणी पाहणं काही वेडेपणाचं नाही. मात्र दगड शेवाळलेला असतो, पाय घसरतो. धबधब्याच्या काठावर फोटो काढायला जायचं नाही, हे निघण्याआधीच बजावून ठेवावं. झड लागली तर आतली चित्रं अंधारात नीट दिसत नाहीत, हेही खरं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात छान. दुपारी कोवळं ऊन, पहाटे हुडहुडी. जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा शाल-स्वेटर लागतंच. पैठणला नाथसागरावर दूरदेशीचे पक्षीही याच दिवसांत उतरतात.

आता शेताचं पंचांग. आभाळ जेव्हा सगळ्यात छान असतं, तेव्हाच बाईचे हात सगळ्यात जास्त गुंतलेले असतात. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन आणि मका. दिवाळीपासून कापसाची वेचणी. ती किलोवर, म्हणजे एक दिवस मोडला की त्या दिवसाची मजुरी बुडाली. मग तूर. सहलीचा खर्च आपण गाडीभाडं आणि तिकिटात मोजतो. मजूर बाईचा खरा खर्च तो बुडालेला रोज असतो. आणि ज्या मैत्रिणी ऊसतोडीला जातात त्या दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. सगळा हिवाळा त्या गावातच नसतात. म्हणजे ‘हिवाळ्यात जाऊ’ असं ठरवलं की गटातल्या काहीजणींची नावं आपण न बोलता खोडलेली असतात.

या पंचांगात दोन फटी सापडतात. पहिली, पोळ्याच्या सुमारास. खुरपणी उरकलेली असते, सोयाबीन काढणीला अवकाश असतो. मूग-उडीद असेल तर त्याची तोडणी बघून दिवस धरावा. दुसरी फट फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. वेचणी संपत आलेली असते, गव्हाची काढणी जोरात यायची असते, ऊन अजून सोसवतं.

तिसरं पंचांग गर्दीचं. वेरूळला घृष्णेश्वर आहे. ते ज्योतिर्लिंग, श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तिथं पाय ठेवायला जागा नसते. खुलताबादच्या भद्रा मारुतीला श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला लोक रात्रभर चालत येतात. पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची मोठी यात्रा. दर्शनालाच जायचं असेल तर जरूर जा, त्या गर्दीतही आनंद असतो. पण दर्शन आणि लेणी दोन्ही एकाच दिवशी म्हणाल, तर रांगेतच दिवस मावळेल. दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबरची अखेर म्हणजे शाळांच्या सहली. अजिंठ्यात चित्रं असलेल्या लेण्यांमध्ये एका वेळी थोड्याच माणसांना आत सोडतात, म्हणून गर्दी असली की बाहेर ताटकळावं लागतं.

एक गोष्ट वहीत लिहूनच ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. गाडी ठरवून गेटापाशी पोचलेली माणसं कुलूप बघून माघारी फिरतात.

आता तीनही पंचांगं शेजारी ठेवून पाहू. ज्या गटात कुणी ऊसतोडीला जात नाही, त्यांनी फेब्रुवारीचा शेवट नाहीतर मार्चचा पहिला आठवडा धरावा, फक्त महाशिवरात्र टाळावी. ८ मार्चचाही विचार करा. गेल्या काही वर्षांत पुरातत्त्व खात्यानं महिला दिनाला बायांना आपल्या वास्तूंमध्ये मोफत प्रवेश दिलेला आहे. त्या वर्षीची घोषणा आणि वार, दोन्ही पाहून घ्या. सोमवार आला तर अजिंठा नाही, मंगळवार आला तर वेरूळ नाही. ज्या गटात ऊसतोडीच्या मैत्रिणी आहेत, त्यांनी पोळ्यानंतरचा आठवडा धरावा. थोडं भिजावं लागेल, छत्र्या सांभाळाव्या लागतील. पण सगळ्या असतील.

माझं मागणं एवढंच आहे. महिना निवडताना गटातल्या सगळ्यात मोकळ्या बाईला विचारू नका. जिच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणावर आहे, जिचं लेकरू अंगावर पितं, जी रोजानं जाते, जी कोयता घेऊन परगावी जाते, तिला आधी विचारा. तिला जमेल तो हंगाम गटाचा हंगाम. बाकीच्यांना जमवून घेता येतं. तिला येत नाही.

दिवस कसा लावायचा, तेही सांगते. वेरूळ आणि दौलताबाद एकाच रस्त्यावर आहेत. सकाळच्या गारव्यात किल्ला चढावा, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली चांदमिनारापाशी थांबावं. दुपारनंतर वेरूळ गाठावं. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे उतरत्या उन्हात ते उजळून निघतं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं हे काम. एकाच डोंगरातून, आधी कळस मग पाया असं वरून खाली कोरत आणलेलं. वेळ उरला तर शहरात परतताना उन्हं उतरल्यावर बीबी का मकबरा पाहावा. औरंगजेबाच्या मुलानं आपल्या आईच्या आठवणीसाठी तो बांधला. अजिंठ्याला मात्र वेगळा दिवस द्यावा. तिथं फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून तिथल्या बसनं लेण्यांपर्यंत जायचं असतं. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढतात, म्हणून सहज निघणारी चप्पल बरी.

पैशाचं गणित आधी मांडा. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्या आजींना प्रवास मोफत. स्वतंत्र गाडी हवी असेल तर डेपोत जाऊन दर विचारा आणि दोन्हींचा हिशोब शेजारी मांडा. अजिंठा-वेरूळचं तिकीट आपल्या लोकांना माणशी ४० रुपये आहे, पंधरा वर्षांखालच्या लेकरांना नाही. महिन्याला थोडे थोडे बाजूला काढले तर जाताना कुणापुढं हात पसरावा लागत नाही. पाणी घरून न्या, भाकरी-चटणी न्या, आणि उतरल्यावर पहिल्यांदा स्वच्छतागृह कुठं आहे ते पाहून घ्या. पाळी येईल म्हणून घरी थांबायचं कारण नाही. दोन पॅड पिशवीत जास्तीचे ठेवा, कुणालाही लागतील.

पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर वही लगेच मिटू नका. एक तारीख लिहा, आणि पाऊस-पाणी, दुखणंखुपणं म्हणून दुसरी राखीव तारीखही लिहा. त्या दिवशी घरचा स्वयंपाक आणि जनावरांचं दूध कोण बघणार, तेही घरी आत्ताच सांगून ठेवा. लग्नाची तारीख धरली की घरदार तिच्याभोवती कामं लावतं. आपल्या तारखेभोवतीही लावील, पण ती आधी वहीत पडली पाहिजे.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.