घरच्या घरी दात उपटणे : एक टाळता येणारा धोका



दाढ दुखू लागली की रात्र सरता सरत नाही. लवंगेचे तेल लावून होते, गाल शेकून होतो, दुकानातून आणलेली गोळीही घेऊन होते. आणि पहाटेपर्यंत ठणका थांबला नाही की घरातील कोणीतरी दोरा पुढे करते किंवा अवजारांच्या पेटीतील पक्कड काढते. तालुक्याच्या गावी जायचे तर दिवसाचा रोज बुडतो, बसचे भाडे पडते, दंतवैद्य किती पैसे घेतील याचा अंदाज नसतो. या हिशेबात घरी दात उपटणे स्वस्त वाटते. प्रत्यक्षात तो सर्वांत महाग उपाय ठरू शकतो. म्हणूनच हा विषय केवळ दंतवैद्यकाचा नसून सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

दात हा भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. त्याची मुळे जबड्याच्या हाडात सूक्ष्म तंतूंनी बांधलेली असतात. खालच्या दाढेला बहुधा दोन, तर वरच्या दाढेला तीन मुळे असतात. किडीने पोखरलेला दात ठिसूळ झालेला असतो. पकडीचा जोर बसताच त्याचा माथा मोडतो आणि मुळे आतच राहतात. दुखणे तर थांबत नाहीच, उलट जंतूंना वाट मोकळी होते. दंतवैद्य प्रथम भूल देतो, गरजेनुसार क्ष-किरण चित्र पाहतो आणि दात हळूहळू सैल करून मगच काढतो. वरच्या दाढांची मुळे गालाच्या हाडातील पोकळीला भिडलेली असतात. तेथे धसमुसळेपणा झाल्यास छिद्र पडून तोंडातील पाणी नाकात उतरू लागते. खालच्या दाढांच्या मुळांजवळून ओठाची व हनुवटीची संवेदना वाहणारी नस जाते. तिला इजा झाल्यास तो भाग दीर्घकाळ बधिर राहू शकतो.

दात निघाल्यावर खाचेत रक्ताची गुठळी धरते व तिच्या आधाराने जखम भरते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या किंवा हिमोफिलियासारखा विकार असलेल्या व्यक्तीत हा रक्तस्राव सहज थांबत नाही. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम चिघळते. हृदयाच्या झडपांचा विकार असणाऱ्यांच्या रक्तात तोंडातील जंतू शिरून थेट झडपांवर ठाण मांडू शकतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी वा कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे दात काढल्यानंतर जबड्याचे हाडच निर्जीव होण्याचा संभव असतो. दंतवैद्य उपचारापूर्वी या गोष्टी विचारून घेतो. पक्कड विचारत नाही. तीच पक्कड न उकळता अनेकांच्या तोंडात फिरली, तर ‘ब’ प्रकारच्या काविळीचा प्रसारही होऊ शकतो.

सर्वांत भयंकर धोका जंतुसंसर्गाचा. खालच्या दाढेतील पू जिभेखाली व हनुवटीखाली पसरला, तर जीभ वर उचलली जाते आणि श्वासमार्ग रोधला जातो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सूज मानेकडे उतरणे, तोंड न उघडणे, गिळताना त्रास होणे, ताप येणे, श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठले पाहिजे.

‘दात हलतोच आहे, ओढला तर काय बिघडले?’ असे अनेकदा ऐकू येते. परंतु प्रौढ माणसाचा हलणारा दात हे एक लक्षण असते. त्यामागे हिरड्यांचा जुना विकार किंवा मधुमेह असू शकतो, क्वचित कर्करोगही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रातील मिश्री याच वर्गात मोडते. अशा व्यक्तीचा हलणारा दात घरी काढला आणि खाच भरलीच नाही, तर निदानाचे मोलाचे महिने वाया जातात.

मुलांच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नसल्याने पालक तिलाच दुधाची समजतात आणि किडली तर ‘दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येत नाही. दुधाचा दात अगदी सुटत आला असेल, तर मुलाने जिभेने वा स्वच्छ बोटाने तो हलवत राहावे. घट्ट दात मात्र दाराला दोरा बांधून ओढू नये.

वरचा दात काढल्याने दृष्टी जाते, हा समज निराधार आहे. पण त्यामुळे कित्येक जण उपचार लांबवतात व अखेरीस घरगुती उपायांकडे वळतात. ठणका असताना मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरावी, वैद्यकीय सल्ल्याने वेदनाशामक घ्यावे. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरू नये, त्याने हिरडी भाजते. दात निघालाच असेल, तर स्वच्छ कापडाची घडी अर्धा तास चावून धरावी, त्या दिवशी चूळ भरू नये, तंबाखू टाळावी आणि तातडीने दंतवैद्याला दाखवावे.

डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. २०१४ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आला. तथापि दंतवैद्य शहरांत एकवटलेले असतील, तर खेड्यातील पक्कड पेटीत जाणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक वारी दंततपासणी, शाळांमधून वार्षिक तपासणी आणि आशा कार्यकर्तीच्या भेटीत तोंडाच्या आरोग्याची चौकशी एवढे झाले, तरी पुष्कळ साधेल. दात काढण्याची वेळच येऊ न देणे हा खरा उपचार आहे. आणि ती आलीच, तर घरापासून सुरक्षित खुर्चीपर्यंतची वाट गरिबालाही परवडेल अशी असली पाहिजे.