लोखंडी नांगर आणि खेळते भांडवल



तरुणाने लहानसा कारखाना काढला की यंत्र कोणते, शेड केवढी, याचीच विचारपूस प्रथम होते. माल तयार झाल्यापासून पैसे हाती येईपर्यंतचा काळ तो कसा काढणार, हे सहसा कोणी विचारीत नाही. या दृष्टीने लक्ष्मणराव किर्लोस्करांची उमेदवारी अभ्यासण्याजोगी आहे.

चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेलेल्या या युवकाला रंगांधत्वामुळे तो मार्ग सोडावा लागला. यांत्रिक रेखाटन मात्र उत्तम साधले. पुढे बेळगावात बंधूंसमवेत त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगराला हात घातला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली! नांगरात खोट नव्हती. पण पडून राहिलेल्या नांगरांतून कामगारांची मजुरी भागत नाही.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा ओसाड माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. हे साहाय्य वेळेवर मिळाले, हे त्याच्या रकमेहून महत्त्वाचे.

जिल्हा उद्योग केंद्राकडे गावातील तरुणाचा अर्ज जाण्यापूर्वी सरपंचांनी वा शिक्षकांनी त्याला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: कच्चा माल किती दिवसांचा, उधारी किती दिवसांची आणि पहिले गिऱ्हाईक कोण?