पाठीचे मांस नडगीवर

उसाच्या ट्रॉलीचे चाक पायावरून गेलेला एक तरुण आमच्याकडे आला, तो अपघातानंतर अठराव्या दिवशी. तोवर गावाकडे रोज ड्रेसिंग चालू होते. मोडलेल्या हाडाला बाहेरून सळ्या बसवलेल्या. पण नडगीवर वीतभर कातडी नव्हती आणि आतले हाड कोरडे, पिवळट पडले होते. वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, मांस भरून येईल ना?"

उघड्या हाडावर ते सहसा येत नाही. वरून नुसती कातडी लावावी, तर ती जगते खालच्या रक्तावर, आणि घोट्याकडे नडगीवर मांस मुळातच कमी. म्हणून पाठीतला किंवा मांडीतला मांसाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट आणून बसवायचा. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने त्या पायातल्या वाहिन्यांना जोडायच्या. मेलबर्नला डॅनियल आणि टेलर यांनी १९७३ साली जांघेतली कातडी अशीच पायावर नेली.

पण कधी, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ल्युब्लियानाचे सर्जन मार्को गोदिना यांनी १९८६ मध्ये ५३२ रुग्णांचा हिशेब मांडला. बहात्तर तासांत केलेल्या शस्त्रक्रियांत तुकडा मरण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी; तीन दिवस ते तीन महिने थांबलेल्यांत शंभरात बारा. बहात्तर या आकड्यावर आज मतभेद आहेत, लवकर झाकावे यावर नाहीत. तेव्हा हाड उघडे पडले असेल, तर पहिल्याच दिवशी विचारा : प्लास्टिक सर्जन कधी बघणार?

आमची शस्त्रक्रिया नऊ तास चालली. नंतर सिस्टरने दर तासाला तुकड्यावर बोट दाबून रंग परत येतो का ते पाहायचे. दुसऱ्या रात्री दोन वाजता तिचा फोन आला, "सर, जांभळा दिसतोय." नीलेत गुठळी झाली होती. पुन्हा थिएटर, पुन्हा जोडणी. तिने सकाळपर्यंत वाट पाहिली असती तर तुकडा गेलाच असता. (भेटायला येऊन खोलीत विडी पेटवणाऱ्या काकांना मी त्याच दिवशी बाहेर काढले होते. निकोटिनने वाहिन्या आवळतात.)

तुकडा जगला. हाडात मात्र आधीच जंतू शिरले होते. दोनदा पू झाला, एकदा मेलेले हाड काढावे लागले, जुळायला चौदा महिने गेले. पाय दीड सेंटीमीटर आखूड झाला आहे. चपलेला पट्टी लावून तो चालतो.