ओहोटीची शर्यत

अलिबागच्या किनाऱ्यावर बैलगाड्यांची शर्यत लागते ती ओहोटीस. पाणी मागें हटलें म्हणजे ओली वाळू घट्ट बसते, चाक रुतत नाहीं. वेळ ठरवितो समुद्र; पंच नव्हे.

बैलांच्या छळाच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या शर्यती बंद केल्या, आणि १६ डिसेंबर २०२१ रोजीं त्यांना सशर्त मोकळीक दिली. सात वर्षें दावणीला बांधलेला उत्साह तो! परंतु नेमकी तेव्हांच करोनाची तिसरी लाट दाराशीं आली. पुणे जिल्ह्यांत १ जानेवारी २०२२ च्या शर्यतीची परवानगी ऐन वेळीं मागें घेतली गेली.

वास्तविक गाडीवानास भय थोडेंच. तो एकटा, वारा मोकळा. भय असतें शेवटच्या रेषेपाशीं. सारा किनारा रिकामा टाकून लोक तेथेंच खांद्यास खांदा लावून ओरडतात, आणि साथ पसरते ती अशाच श्वासांतून. जत्रेची गर्दी दिवसभर वांटतां येते. ओहोटीच्या चार घटकांत तें कसें साधावें? रेषेपासून दूरवर दोर बांधावे, गाड्या मोजक्या घ्याव्या, मुखपट्टीवांचून कोणास येऊं देऊं नये. एवढें जमत नसेल तर साथ ओसरेपर्यंत थांबावें. उधाणाची ओहोटी दर पंधरवड्यास येतेच.