खेळातले सोबती

व्हिडिओ गेममधल्या पात्राशी मैत्री होऊ शकते का, असे कुणी विचारले तर तुमच्यापैकी पुष्कळजण हसतील. “अहो, ते पडद्यावरचं चित्र! त्याच्याशी कसली मैत्री?” शंका रास्त आहे. पण कादंबरीतले पात्रही कागदावरची शाईच असते, आणि तरी त्याच्यासाठी आपण डोळे पुसतोच. तेव्हा ही मैत्री जडते कशी, एवढेच आज पाहू.

एकच उदाहरण घेतो. कॅनडातल्या बायोवेअर या कंपनीने २००९ साली ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ हा खेळ काढला. त्यात तुम्ही एका वीराची भूमिका घेता आणि वाटेत तुम्हाला सोबती मिळत जातात. लढाया आटोपल्या की तळावर त्यांच्याशी गप्पा मारता येतात. प्रत्येकाच्या मर्जीचे एक माप असते. तुमची वागणूक पटली की ते चढते, खटकली की उतरते.

आता तुम्ही म्हणाल, “मग सोपं आहे, सगळ्यांना खूष ठेवावं!” पण व्यक्ती तितक्या प्रकृती. अडल्यानडल्याला फुकट मदत करणे मॉरिगन या चेटकिणीला खुळेपणाचे वाटते, तर ॲलिस्टर या तरुण योद्ध्याला ती साधी माणुसकी वाटते. भेटवस्तू देऊनही मर्जी वाढते खरी. पण एकामागून एक देत गेलात की त्यांचे मोल घटत जाते.

एक भेट मात्र निराळी. ॲलिस्टरपाशी आईची आठवण म्हणून एक ताईत होता. पोरवयात, रागाच्या भरात, त्याने तो भिंतीवर आपटून फोडला. बोलता बोलता ही हकीकत तो सांगतो. पुढे एका किल्ल्यात तोच ताईत, कुणीतरी सांधून जपलेला, तुमच्या हाती लागतो. त्याचे बोलणे तुम्ही कान देऊन ऐकले असेल, तरच त्याचे खरे मोल तुम्हाला उमगते. मैत्रीचे पहिले पाऊल म्हणजे ऐकणे, ते इथेही चुकत नाही.

दुसरे पाऊल अवघड आहे. लोगेन नावाच्या सेनापतीने ऐन रणातून आपली फौज मागे घेतली, आणि ॲलिस्टरला वडिलांच्या जागी असलेला डंकन त्यात मारला गेला. शेवटी हा लोगेन तुमच्या हाती सापडतो. संकट मोठे आणि माणसे थोडी. त्याला जीवदान देऊन आपल्यात घ्यावे, असा सल्ला मिळतो. तो मानलात, तर ॲलिस्टर तुमची साथ सोडतो. मर्जीचे माप काठोकाठ भरलेले असले, तरी सोडतो!

खेळाडू अशा वेळी चिडतात. आधी जतन केलेल्या जागी परत जाऊन निर्णय बदलतात. तशी सोयही आहे. माझे सांगणे इतकेच, की एकदा तरी बदलू नका. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘हो’ला काय किंमत? सोबती दुरावू शकतो, म्हणूनच त्याची सोबत मोलाची.

ॲलिस्टरचे प्रत्येक वाक्य लेखकांनी आधीच लिहून ठेवलेले आहे. तो तुम्हाला ओळखत नाही, आणि घरच्या, शेजारच्या माणसांची जागा तो घेणार नाही. पण त्याच्या जाण्याने मन थोडे चरकले, तर त्या चरकण्यातून एक प्रश्न जरूर विचारावा : आपली जिवंत माणसे आपल्याला नको ते सुनावतात, तेव्हा आपण त्यांचे ऐकतो का?