गिरणीची जमीन आणि परदेशी पैसा



परदेशी भांडवल आले की पोरांना कामे मिळतील, असे सांगणारे पुढारी आहेत. ते आले की देश बुडेल, असे सांगणारेही आहेत. आम्ही दोघांच्याही पंगतीला बसत नाही. पैसा कशावर लागला, एवढे विचारतो. त्यासाठी मुंबईतल्या परळ-लालबागकडे बघा.

१८५६ साली ताडदेवला कावसजी दावरांची कापडगिरणी चालू झाली. मग परळ-लालबागेत चिमण्याच चिमण्या. यंत्रे विलायतेची, पैसा बहुतेक मुंबईच्याच व्यापाऱ्यांचा. तो चात्यांवर आणि मागांवर लागला, आणि मागावर माणूस लागतोच. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरचा शेतकरी तिथे गेला. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा जण राहिले, खानावळीत जेवले. आधी बदली, मग कायम. गावी मनीऑर्डर जायची. त्याला सुबत्ता म्हणू नका. शेतमालाला भाव मिळता तर यातले किती जण घर सोडते?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वाट बघून कित्येक जण गावी परतले, ज्या तुकड्याने पोट भरले नव्हते त्याच तुकड्यावर.

गिरण्या थांबल्या, जागेचा भाव मात्र चढत गेला. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: मोकळी जागा, स्वस्त घरे आणि मालक. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी उरली फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती. २००५ मध्ये केंद्राने बांधकामात शंभर टक्के परदेशी भांडवलाला दार उघडले. त्याच वर्षी सरकारी मालकीची ज्युपिटर गिरणी २७६ कोटींना विकली गेली. घेणाऱ्या इंडियाबुल्सच्या भागीदारीत फॅरेलॉन हा अमेरिकी फंड होता. आज तिथे काचेच्या कचेऱ्या आहेत. हा पैसा सुतावर लागला नाही, जमिनीवर लागला.

कोरडवाहू गावातली माणसे मुंबईला आजही जातात. पण कोणाकडे? ठेकेदाराकडे. स्लॅब पडला की मुकादम दुसऱ्या साइटवर नेतो. इमारत उभी राहिली की दारावर पहारा, तोही ठेक्याचाच. बदली कामगाराला कायम होण्याची आशा तरी होती.

अमरावतीजवळ नांदगाव पेठला २०२३ मध्ये पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क मंजूर झाले. कापूस आपल्याच शिवारातला. तिथे येणारा पैसा देशी की परदेशी, हे आम्ही नंतर विचारू. आधी चात्या किती ते सांगा, आणि हजेरीपटावर कायम माणसे किती.